कळसूची अट

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. याचं उत्तर पुस्तकात नाही आणि शेजारच्याच्या वहीत डोकावूनही ते मिळणार नाही. काल रात्री तुम्ही ज्या ताटात जेवलात, ते ताट कुणी घासलं?

वर्गात हा प्रश्न विचारला की पोरं आधी एकमेकांकडे बघून हसतात. मग उत्तरं येतात. "आईनं, गुरुजी." "आमच्या ताईनं." "आमच्याकडं भांड्याला मावशी येते." मी लगेच दुसरा प्रश्न टाकतो, "तुमचं जेवण चालू होतं तेव्हा तिचं झालं होतं का?" इथं मात्र वर्ग गप्प होतो. एखादी मुलगी हळूच सांगते, "आई सगळ्यांच्या शेवटी बसते." एवढंच.

आजची गोष्ट या ताटाचीच आहे. पण तिच्यासाठी आपल्याला एका डोंगरावर जायचं आहे. डोंगरही साधासुधा नाही. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा (पूर्वीचा अहमदनगर) अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर ते उभं आहे. भूगोलाच्या पेपरात एका गुणाला येतं ना, तेच!

या शिखराला कळसूबाई नाव कसं पडलं, त्याची एक दंतकथा त्या भागात सांगतात. गावागणिक तिच्यात थोडाफार फरक पडतो. मला ठाऊक आहे ती अशी.

कोळी समाजात कळसू नावाची एक मुलगी होती. तिला रानावनात हिंडायची भारी हौस. हिंडता हिंडता ती डोंगराजवळच्या एका गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिनं एक अट घातली. "बाकी पडेल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही." घरच्यांनी अट मान्य केली. दिवस बरे चालले होते. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. कळसू भांडली नाही, रडली नाही. सांगितलेलं काम तिनं निमूटपणे पुरं केलं आणि घर सोडून सरळ डोंगर चढू लागली. ती पुन्हा खाली आलीच नाही. तिथंच राहिली. आज शिखरावर तिचं छोटंसं देऊळ आहे. नवरात्रात आजूबाजूच्या गावांतल्या आयाबाया नटूनथटून, हातात पूजेचं साहित्य घेऊन एवढा मोठा डोंगर चढून तिच्या दर्शनाला जातात.

गोष्ट संपली. आता मला सांगा, त्या घरातल्या माणसांचं काय चुकलं? त्यांनी कळसूला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. ते फक्त विसरले. रोजच्या रोज कुणी आपल्यासाठी राबत असलं की त्याचं काही वाटेनासं होतं. त्याची एक छोटीशी अटही लक्षात राहत नाही.

यावर आपल्या भाषेत एक छान शब्द आहे. तुम्ही तो निबंधात वापरता आणि बहुतेक वेळा चुकीचा लिहिता! कृतज्ञ. 'ज्ञ' नीट काढा बरं का. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्यानं आपल्यासाठी काय केलं आहे हे जो जाणतो, तो कृतज्ञ. याच्या विरुद्धार्थी शब्द कृतघ्न. घ्न म्हणजे मारणारा. शत्रुघ्न या नावात आहे ना, तोच. केलेलं जो मारून टाकतो, तो कृतघ्न.

या दोन्ही शब्दांत 'आभारी आहे' असं म्हणण्याचा कुठं उल्लेख आला का? नाही. आपल्याकडं घरात आभार मानायची पद्धतच नाही. भाकरी वाढल्यावर तुम्ही "आई, मी तुझा आभारी आहे" म्हणालात तर आई कपाळाला हात लावून ताप तर नाही ना ते बघेल! पण जाणायला तर कुणाची हरकत नाही? आणि जाणायचं म्हणजे आधी माहिती पाहिजे. कुणी केलं, कसं केलं, किती कष्टानं केलं, हे शोधावं लागतं. म्हणजे कृतज्ञता हा अभ्यासाचा विषय झाला. त्याचा अभ्यास चार भिंतींत कमी आणि उघड्या रानात जास्त होतो, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे कळसूबाईला गेलो. मी, मुलांची आई, सहावीतली मुलगी आणि तिसरीतला धाकटा. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याच्या काठी. चहूकडे ऊस. डोंगर म्हणून दाखवायला शेताचा बांधसुद्धा पुरेसा उंच नाही! त्यामुळे मुलांना मोठंच कुतूहल.

आम्ही एसटीनं गेलो. संगमनेर, अकोले, राजूर आणि मग बारी. बारी म्हणजे शिखराच्या पायथ्याचं गाव. जाता जाता मुलांना एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. महाराष्ट्रातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर या मार्गावर धावली. तिचे चालक होते किसन राऊत आणि वाहक होते लक्ष्मण केवटे. आपल्या जिल्ह्याचं नाव एसटीच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर आहे. धाकट्यानं लगेच विचारलं, "बाबा, मग आपल्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांचं नाव काय?" मला ठाऊक नव्हतं. राजूरला गाडी थांबल्यावर तो स्वतःच जाऊन विचारून आला. काकांनाही गंमत वाटली. इतक्या वर्षांत नाव विचारणारा पहिलाच प्रवासी भेटला म्हणाले.

रात्री बारीत एका घरी मुक्काम केला. नागलीची भाकरी आणि गरम गरम पिठलं. सकाळी अंधार असतानाच निघालो. आधी भातखाचरं लागतात. मग झाडी, मग उघडा चढ. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे उतारांवर कुठं कुठं सोनकीची पिवळी फुलं अजून शिल्लक होती. काही ठिकाणी कडा इतका सरळ की लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पहिल्या शिडीशी धाकटा बिचकला. वरून उतरणाऱ्या एका आजीबाईंनी त्याच्याकडं बघितलं. नऊवारी लुगडं, पायात साध्या चपला. "पायरीकडं बघ, खाली नको बघू," एवढंच म्हणाल्या आणि झपझप निघून गेल्या. पठ्ठ्या चढला! पुढच्या शिडीवर तो आपल्या ताईला तेच सांगत होता.

वाटेत एका सपाटीवर लिंबूसरबताचा टपरीवजा निवारा होता. चार बांबू आणि वर ताडपत्री. एक मावशी सरबत विकत होत्या. भाव ऐकून धाकटा कुजबुजला, "बाबा, खाली तर निम्म्यात मिळतं." मावशींचे कान तिखट. रागावल्या मात्र नाहीत. बाजूचा पाण्याचा भरलेला कॅन दाखवून म्हणाल्या, "उचलून बघ बरं, बाळा." त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला. कॅन वीतभरही हलला नाही. मावशी म्हणाल्या, "हा पहाटे डोक्यावर आणते मी. शिड्या चढून. मग सांग, महाग हाये का स्वस्त?"

धाकट्यानं सरबत प्यायला आणि पेला परत देताना दोन्ही हातांनी दिला. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं. वजन कळलं, बस्स. मी तासभर उपदेश केला असता तरी जे झालं नसतं ते त्या कॅननं एका मिनिटात केलं. म्हणून म्हणतो, रानात चला.

माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. देवळात दर्शन घेतलं. वरून काय काय दिसतं म्हणून सांगू! एका बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन बेलाग किल्ले, दुसरीकडे रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड. आणि खाली उन्हात चमकणारं भंडारदऱ्याचं पाणी. आम्ही डबा उघडला. चटणी, भाकरी, कांदा. मुलीच्या डोक्यात मघाची कळसूची गोष्ट घोळत होती. घास हातात धरून तिनं विचारलं,

"आई, कळसू घर सोडून इथं आली ना? तू तर रोज भांडी घासतेस. तुला कधी राग नाही का येत?"

आई हसली. "कळसूनं आधी अट घातली होती गं. मी कुठं घातली?"

"मग आता घाल."

आई थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली. मला वाटलं, चेष्टेवारी नेईल. पण ती म्हणाली, "बरं, घालते. माझी एकच अट. मी जेवायला बसले की मला उठवायचं नाही. पाणी नाही, मीठ नाही, भाकरी नाही, काही मागायचं नाही. मला माझं जेवण एका बैठकीत, गरम गरम जेवू द्यायचं."

मुलं गप्प झाली. मीही. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी बसून माणूस काय मागेल? तर गरम भाकरी आणि पाच-दहा मिनिटांची सवड.

बालमित्रांनो, आता घरी गेल्यावर काय झालं तेही सांगतो, कारण डोंगरावर शपथा सोप्या असतात. पहिल्या आठवड्यात धाकट्याच्या तोंडून चार वेळा "आई, लोणचं!" निसटलं. ताईनं चारही वेळा डोळे वटारले. मग दोघांनी मिळून युक्ती काढली. जेवायला बसण्याआधी पाण्याचा तांब्या, मीठ, लोणचं, भाकरीची दुरडी, सगळं मध्ये आणून ठेवायचं. तव्यावरच्या शेवटच्या भाकऱ्या बाबांनी शेकायच्या आणि सगळ्यांनी एकदमच बसायचं. आता उठायची कुणाला गरजच पडत नाही. आठवणीसाठी भिंतीवर पाटी लावावी लागली नाही. कुणी विसरलंच तर दुसरा हळूच म्हणतो, "कळसू!" की झालं.

आता पुन्हा त्या चमकणाऱ्या पाण्याकडं येऊ. ते पाणी प्रवरेचं. प्रवरा रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि भंडारदऱ्याला तिच्यावर धरण आहे. धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. म्हणजे काम सुरू झालं त्या वर्षी जन्मलेलं बाळ ते संपेपर्यंत सोळा वर्षांचं झालं होतं! उंची सुमारे २७० फूट. दगडी बांधकाम. मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून या धरणाला विल्सन धरण म्हणू लागले. धरणामागच्या जलाशयालाही एका साहेबाचंच नाव मिळालं, आर्थर लेक.

पण तो दगड कुणी फोडला? डोक्यावरून कुणी वाहिला? ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ती माणसं कोण? त्यांची नावं धरणाला नाहीत. हेच पाणी पुढं अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या तालुक्यांना मिळतं. आमच्या गावचा ऊस त्यावर उभा राहिला. ऊस होता म्हणून साखर कारखाने आले. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी १९५० च्या सुमारास सहकारी कारखाना उभारला, त्याची कीर्ती देशभर झाली. आणि ज्या डोंगरात हे पाणी पडतं तिथं काय? घाटघर, रतनवाडी या भागात पावसाळ्यात पाऊस नुसता कोसळतो, पण उन्हाळा आला की डोंगरावरच्या कितीतरी वाड्यांमधल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी दूरवर चालावं लागतं. पाणी त्यांच्या अंगणात पडतं आणि येतं मात्र आपल्या नळाला. कालव्याकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी नळ सोडताना एवढं तरी जाणायला हवं. नळ चालू ठेवून दात घासणारा मुलगा वाईट नसतो, त्यानं तो हंडा पाहिलेला नसतो. अहिल्यानगर शहरातल्या मुलांनो, तुमच्या नळाचं पाणी मुळा धरणातून येतं आणि मुळा नदीही अकोल्याच्या डोंगरातच जन्मते. तेव्हा तुमचीही सुटका नाही!

हीच प्रवरा पुढं नेवाशाला जाते. नेवासे म्हटलं की ज्ञानेश्वर महाराज आठवतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी जे मागणं मागितलं ते पसायदान तुम्ही रोज परिपाठाला म्हणता. पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. महाराज सांगत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. ग्रंथ पुरा होताना या लेखकाचं, म्हणजे लिहून घेणाऱ्याचं नाव त्यात आदरानं नोंदलेलं आहे. म्हणून सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आपल्याला ते ठाऊक आहे. एकाच नदीच्या काठी दोन कामं झाली. एकात दगड वाहणाऱ्यांची नावं राहिली नाहीत आणि दुसऱ्यात बोरू चालवणाऱ्याचंही राहिलं. कृतज्ञतेची पहिली पायरी मला यातून सापडली. नाव घेणं.

आता तुमच्या घराच्या दारावरची पाटी बघा. तिच्यावर कुणाकुणाची नावं आहेत? शाळेच्या दाखल्यावर पूर्वी मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एवढंच असायचं. २०२४ मध्ये राज्य सरकारनं शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. कागदावर झालं, चांगलं झालं. आता घरातही होऊ द्या.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हतं असं नाही हं. बैलपोळाच बघा. आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा दुखावलेला असतो, त्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून तो चोळायचा. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं त्याला रीतसर आवतण द्यायचं. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आंघोळ, झूल, बेगड, गोंडे आणि पुरणपोळीचा घास. मुक्या जनावराचे कष्ट जाणायचा इतका सुंदर सण आमच्या शेतकऱ्यानं केला, याचा मला फार अभिमान वाटतो. पण मुलांनो, त्या दिवशी पुरण कोण वाटतं? पोळ्या कोण लाटतं? बैलाला सुट्टी मिळते त्याच दिवशी चुलीपुढं काम दुप्पट होतं. म्हणून या पोळ्याला पाट्यावर नाहीतर पुरणयंत्रावर तुम्ही बसा. मुलगेसुद्धा! पुरण वाटताना खांदा दुखला की आपोआप खांदेमळणीचा अर्थ कळेल.

अकोले तालुक्यातल्याच कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला ठाऊक असतील. त्या शाळेत गेल्या नाहीत. पण वाल, भात, भाज्या अशा पिकांचं गावरान बियाणं त्यांनी जपलं, वाढवलं आणि शेतकऱ्यांना दिलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आता बियाणं म्हणजे काय? आपल्या आज्या-पणज्यांनी दरवर्षी चांगल्यातलं चांगलं कणीस, चांगल्यातली चांगली शेंग निवडून, राखेत घोळून, गाडग्या-मडक्यात जपून पुढच्या पिढीला दिलेलं काम. राहीबाईंनी ते काम जाणलं. मरू दिलं नाही. कृतज्ञ शब्दाचा अर्थ कुणी उदाहरणासह विचारला तर मी त्यांचंच नाव सांगतो.

तर आता ठरलं. सुट्टीत एकदा तरी आईबाबांना घेऊन बाहेर पडायचं. कळसूबाईच पाहिजे असं नाही. गावाजवळची टेकडी, ओढा, नदीचा घाट, काहीही चालेल. मात्र जाताना कळसूची आठवण ठेवायची. प्रत्येक ठिकाणाच्याही काही अटी असतात.

भंडारदऱ्याचे काजवे हे त्याचं उदाहरण. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर आला की तिथली झाडंच्या झाडं काजव्यांनी लखलखतात. काजव्याच्या पोटाशी एक रासायनिक क्रिया घडते आणि उष्णता जवळजवळ न होता प्रकाश तयार होतो. तो प्रकाश म्हणजे त्यांची भाषा आहे. नर आणि मादी एकमेकांना त्यातूनच ओळखतात, मग अंडी घातली जातात आणि पुढच्या वर्षीचे काजवे जन्मतात. आता तिथं गाड्यांचे दिवे लागले, मोबाईलच्या बॅटऱ्या चमकल्या, तर काजव्यांना एकमेकांचं बोलणं दिसणार कसं? ते बघायला जाणाऱ्यानंच ते संपवायचे, याला कृतघ्न नाही तर काय म्हणायचं? काजव्यांची अट एकच आहे. अंधार राहू द्या. बाटलीत भरून घरी तर मुळीच आणू नका.

डोंगराचीही अट अवघड नाही. नेलेलं प्लॅस्टिक परत आणायचं. पिशवीत रिकामी पिशवी न्यायचीच. गाणी मोठ्यानं लावायची नाहीत, पाखरांची ऐकायची. आणि तिथल्या मावशींकडून एक सरबत तरी घ्यायचं, घासाघीस न करता.

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. सहलीचा खर्च फार नसतो. एसटीचं तिकीट, घरची भाकरी आणि एक दिवस. पण तो दिवस पुरता द्या. फोन पिशवीच्या तळाशी राहू दे. आणि एक विनंती बाबांना. सहलीच्या आदल्या रात्री डबे कोण भरतं आणि परतल्यावर चिखलाचे कपडे कोण धुतं, ते मुलं बघत असतात. सुट्टी चौघांची असेल तर कामही चौघांत वाटलेलं असावं. मुलगा पुढं कसा बाप होणार हे त्याला आपण बोलून शिकवत नाही.

आणि आता, बालमित्रांनो, या आठवड्याचा उपक्रम. एका जुन्या वहीचं कोरं पान घ्या. आज खाल्लेली किंवा वापरलेली कोणतीही एक वस्तू निवडा. समजा, चहातली साखर. ती दुकानात आली कारखान्यातून, कारखान्यात आली शेतातून. शेतात ऊस लावला कुणी, पाणी भरलं कुणी, तोडला कुणी? ऊसतोडीला पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून टोळ्या येतात. बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर बिऱ्हाड असतं. कोपीत राहतात. त्यांच्यात तुमच्याच वयाची मुलं असतात आणि कित्येकांची शाळा या हंगामात सुटते. तुमच्या गावाजवळ टोळी उतरली असेल तर तिथल्या एखाद्या मुलाशी बोला. खेळायला बोलवा. गुरुजींना सांगा, की हा आमच्या वर्गात बसू शकेल का.

ही अशी साखळी कागदावर उतरवा. जिथं माणूस ठाऊक असेल तिथं नाव लिहा. ठाऊक नसेल तिथं जागा रिकामी ठेवा आणि विचारत राहा. आईला, आजीला, दुकानदाराला, कंडक्टरला. सगळ्या जागा भरणार नाहीत. तरी एखादं जरी नवं नाव सापडलं, तरी तो आठवडा कामी लागला समजा.

तुमच्या साखळ्या मला पत्रानं जरूर कळवा. ज्याला सर्वांत जास्त नावं सापडतील त्याला बक्षीस नाही. पण त्या नावांतल्या एकाला तरी प्रत्यक्ष भेटून या आणि तो काय म्हणाला ते लिहा. तेवढं मला वाचायचं आहे.

तुमचाच,
गुरुजी